उद्याची पात

रंगूचा आवाज गोड नव्हता. ती गेल्यापासून भेटायला येणारा जो तो म्हणतो, "काय गोड गळा होता म्हातारीचा." माणूस गेलं की लोक असं बोलतात. आवाज जाड होता, आणि तो लांब जायचा. रानाच्या एका टोकाला ती गायली की दुसऱ्या टोकाला बांधलेली बैलं कान हलवायची.

ती लोणी भापकरची. लग्न करून मी तिला आमच्या गावी आणली तेव्हा माझ्या आईनं तिला पहिल्यांदा सुगीत नेली, आणि संध्याकाळी येऊन मला म्हणाली, "महिपती पोरा, तुझी बायकू काम करती का न्हाय ते ध्यानात न्हाय आलं. पण ती गात हुती तवा समद्या करत हुत्या."

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीहून येणारी सडक सोडून आत. बारामतीच्या बाजूला कालव्याचं पाणी होतं, तिकडे ऊस पिकायचा. आमच्यापर्यंत कालवा आला नव्हता. आमच्याकडे शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी. ती घरात आली की वर्षाची भाकरी आली. महारवाड्याच्या मागे आम्हा महारांची वतनाची जमीन होती, तिला हाडोळा म्हणत. भावकीत वाटण्या होत होत माझ्या वाट्याला त्यातली एक पट्टी आली होती.

शाळूच्या काढणीला गावात सावड चालायची. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात जायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी द्यायची नाही, कामाची फेड कामानं. आमच्या बायकाही सावडीत जात. फक्त त्यांची फेड कधी आली नव्हती. आमच्या रानात गावातलं कुणी येत नसे आणि आम्ही बोलवत नसू. दुपारी वरून टाकलेली भाकरी आणि संध्याकाळी ओच्यातून थोडी कणसं मिळाली की आमचं भागलं असं सगळे धरून चालत. आम्हीही.

रानात बायका एका ओळीत उभ्या राहत आणि शाळू उपटत पुढे सरकत. त्या ओळीला पात म्हणायचं. आमच्या बायका पातीच्या शेवटाला असत, मधली दोन तासं, म्हणजे पेरलेल्या शाळूच्या दोन ओळी, मोकळी सोडून. ती मोकळी तासं मागे वळून पुन्हा आमच्याच बायका काढत. पण गाणं सांगायला रंगूच लागायची. ती एक ओळ म्हणे आणि सगळी पात ती उचले, वाण्याच्या बायकोपासून पाटलाच्या सुनेपर्यंत. ओळीला विटाळ होत नसे.

गाण्याचीही एक रीत होती. ज्याच्या रानात पात असेल त्याचं नाव राव लावून गाण्यात घ्यायचं. आणि दिवस मावळताना उद्याची पात सांगायची. गाणं सांगणारी विचारायची, "उद्याची गं पात कुणाच्या रानी?" मग तीच नाव घ्यायची आणि सगळ्यांनी ते म्हणायचं. पातीनं एकदा म्हटलं की ठरलं. पुरुषमाणसंसुद्धा त्यात बदल करत नसत. नाव कुणाचं घ्यायचं ते द्वारकाबाई ठरवायच्या. गावात त्यांचं घर मोठं, वयानंही त्याच मोठ्या. गुडघे धरलेले असले तरी पातीत पहिली जागा त्यांची.

एके वर्षी मी बारामतीकडे एका गुऱ्हाळावर होतो. रस उकळायच्या काहिलीला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. खालचा जाळ मात्र आमच्याकडे. चुलवाणात चिपाडं सारत असताना जाळ उलटा बाहेर आला आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गुऱ्हाळवाल्यानं वर थोडा गूळ दिला आणि घरी पाठवलं. बारामतीहून यस्टीनं आलो, सडकेवर उतरलो, आणि गावाच्या वाटेला लागल्यावर आमची पट्टी दिसली. शाळू इतका आला होता की रंगू त्यात शिरली असती तर दिसली नसती. कणसं अशी भरली होती की धाटं वाकली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी माझ्या हाताकडे बघितलं आणि तिथंच बांधावर बसलो.

रंगूनं हाताला कोरफड लावली, फडकं बांधलं. म्हणाली, "हात ऱ्हायला ना जाग्यावर? मग झालं."

"आन् शाळू कोण काढंल?"

"बघू."

महारवाड्यातली निम्मी माणसं उसाच्या तोडीला गेली होती. राहिलेल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. रंगू रोज दुसऱ्याच्या रानात सावडीला. न जाऊन चालत नव्हतं, न गेल्यास गावात आमच्या घागरीत पाणी ओतायलाही कुणी उभं राहिलं नसतं. चारपाच दिवसांत दक्षिणेकडून ढग यायला लागले. सुगीतले ढग वाईट. मागच्या साली पलीकडच्या शिवारात गारा पडल्या होत्या. झोडपलेली ज्वारी काळी पडते, तिची भाकरी कडू लागते, जनावरंही तोंड फिरवतात. आमचा शाळू गेला असता तर आम्हाला गाव सोडून कायमचं उसाच्या फडावर जावं लागलं असतं. माझं पोर तेव्हा रांगत होतं. त्याला पाचटाच्या खोपीत वाढवायचं रंगूच्या मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं.

त्या दिवशी पात द्वारकाबाईंच्याच रानात होती. त्यांचा मुलगा हिंदुराव बांधावर बैलगाडी लावून उभा. मी दुसऱ्या बांधावर, बाभळीखाली, गळ्यात हात अडकवून बसलेला. काम नव्हतं, घरी बसवत नव्हतं. दिवस कलायला लागला, शेवटची काही तासं राहिली, आणि द्वारकाबाईंनी तिकडच्या टोकावरून हाक दिली.

"रंगे, उद्या सर्जेरावाचं सांग गं."

रंगूनं कमरेचा पदर खोचला. तिनं गळा साफ केला हेही मला ऐकू आलं.

"उद्याची गं पात कुणाच्या रानी?"

पात म्हणाली, "कुणाच्या रानी?"

"उद्याची गं पात महिपतरावाच्या रानी."

आणि सगळी पात म्हणाली, "महिपतरावाच्या रानी."

दिवसभर तिची ओळ उचलायची सवय लागलेली तोंडं. ती म्हणून मोकळी झाली. द्वारकाबाईंचं तोंडही त्यात होतं, मी बघितलं. मग रंगूनं पुढची ओळ घेतली.

"हाडोळ्याच्या मातीत कणीस वाकलं."

ही ओळ उचलायला निम्मीच तोंडं होती. बाकीची मध्येच थांबली. हात थांबले. मला वाटलं आता हिला मारतात.

द्वारकाबाईंची सून कौसल्या नवी होती, हसरी होती. तिला ते आवरलं नाही. तोंडाला पदर लावून म्हणाली, "आत्याबाई, आपुन काय म्हटलं वो आत्ता?"

"गप बस."

हिंदुराव गाडीवरून उतरून रानात आला. "ए रंगे, काय म्हणलीस? परत म्हण."

रंगू सरळ उभी राहिली. "उद्याची पात सांगितली मालक."

"तुला सर्जेरावाचं सांगितलं हुतं का न्हाय?"

"व्हय."

"मग?"

"सर्जेरावाच्या रानात मी दोन सुग्या गेली. तुमच्या रानात चार. माझ्या रानात कोण आलं न्हाय. आवंदा यांचा हात भाजलाय. ढग आलंत."

"महाराच्या रानात सावड? अगं येडी का खुळी तू? आन् महिपतराव कोण गं? म्हैपत्या म्हण की!" तो हसला आणि बांधावर माझ्याकडे बघून ओरडला, "काय म्हैपत्या, राव झालास व्हय रं? कळवलं न्हाईस ते!"

मी उठून उभा राहिलो होतो.

हिंदुराव बायकांकडे वळला. "ते मोडलं समजा. उद्या सर्जेरावाच्या रानी."

रंगू म्हणाली, "मी एकटीनं म्हटलं असतं तर मोडलं असतं मालक. समद्यांनी म्हटलंय."

"कुणी म्हटलं न्हाय. आये, सांग हिला. तू म्हटलंस का?"

द्वारकाबाई गुडघ्यावर हात देऊन वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली, रंगूकडे बघितलं. नजर चांगली नव्हती. राग होता तिच्यात, आपल्याला फसवलं असा. मग त्या पोराला म्हणाल्या, "म्हटलं की रं."

"अगं पर तिनं..."

"तिनं काय माझं तोंड धरून हलीवलं न्हाय." आणि ऐंशीच्या म्हातारीसारख्या कण्हत त्या सरळ झाल्या. "आंधार पडतोय. उरलेली तासं काढा बायांनो."

येते म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत.

घरी आलो. ती चुलीपुढे बसल्यावर म्हणालो, "तुला नाव घ्यायचंच हुतं तर साधं घ्यायचं. महिपतीच्या रानी म्हणायचं. राव कशाला लावलं? त्यानं जास्त भडकला तो."

तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. "पातीत नाव घिताना राव लावायची रीत हाय. तुमच्यासाठी रीत मोडू व्हय?"

सकाळी उजाडायच्या आत आम्ही पट्टीवर होतो. वाड्यातली दगडाबाई आली, पाठीला पोर बांधून. तिघं झालो, त्यातला मी एका हाताचा. ढग आदल्या दिवसापेक्षा खाली आले होते, वारा पडलेला. रंगू उपटत होती, मी डाव्या हातानं धाटं ओढून ठेवत होतो. कुणी गावाच्या वाटेकडे बघत नव्हतं. म्हणजे एकमेकांना दाखवत नव्हतं. दिवस हातभर वर आला. रंगूच्या तळहाताला फोड आला होता, तो तिनं दातानं फोडला. मी म्हणालो, "न्हाय येत कोण." ती म्हणाली, "न्हाय आलं तर न्हाय. म्हटलंय तर हाय ना त्यांनी."

तेव्हा मला हे बोलणं वेडेपणाचं वाटलं. म्हटल्यानं शाळू निघत नाही. पण ती त्याच्यावरच उभी होती.

मग वाटेवर कौसल्या दिसली. एकटी. येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"आत्याबाई येत्यात मागून. गुडघं चालंनात. मला म्हटल्या, म्होरं हो आन् सांग."

"मालक?" रंगूनं विचारलं.

कौसल्या पदर तोंडाशी नेऊन हसली. "घरात लई बोलण्यांव बोलणी झाली. हे म्हटले, सर्जेराव काय म्हणंल? आत्याबाई म्हटल्या, सर्जेरावाला म्हणावं आजच्या दिस ढग धरून ठिव. हे म्हटले, लोक शेण घालत्याल तोंडात. त्या म्हटल्या, माझ्या तोंडाची चिंता तू नगं करू, त्या तोंडानंच तर ही वाट लावलीया."

द्वारकाबाई आल्या. काठी टेकत, काखेत स्वतःच्या घरच्या पाण्याची कळशी. त्यांच्या मागे आणखी बायका होत्या. सगळ्या नव्हत्या. सर्जेरावाची बायको नव्हती, वाण्याची नव्हती. ज्या आल्या त्यांच्यातल्याही काही सुतकाला आल्यासारख्या चेहऱ्यानं आल्या होत्या. द्वारकाबाईंनी कळशी बांधावर ठेवली, आमच्या मडक्यापासून दूर. मी ते बघितलं. रंगूनंही बघितलं.

"लाव पात," द्वारकाबाई म्हणाल्या.

पात लागली. या वेळी पट्टीच अरुंद. दोन तासं मोकळी सोडली असती तर शेवटच्या बायका बांधाबाहेर गेल्या असत्या. कुणीतरी तसं बोललंही. द्वारकाबाई खेकसल्या, "मग काय धाटावर उभ्या ऱ्हाता व्हय? सरका." बायका सरकल्या. दगडाबाई कौसल्येच्या शेजारी आली.

पण गाणं लागेना. ज्याचं रान असेल त्याच्या घरच्या बाईनं आपल्या रानात गाणं सांगायचं नसतं, तिनं आल्यागेल्याचं बघायचं. रंगू गप्प. बायका नुसत्या उपटत होत्या. बिनगाण्याची पात म्हणजे हात जड पडतात. कौसल्येनं एकदा सुरुवात केली, पण आवाज वर गेला आणि फुटला, सगळ्या हसल्या. पुढे तिला नाव घ्यायचं होतं, आणि ते तिच्या जिभेवर येईना. सासूकडे बघत थांबली.

मग द्वारकाबाईंनी सुरुवात केली. गळा पार गेलेला, दात नाहीत, सूर कुठल्या कुठं. वाकून एक धाट उपटायचं, एक ओळ म्हणायची.

"मोत्याची गं रास कुणाच्या रानी?"

"कुणाच्या रानी?"

त्या थांबल्या. धाट हातात तसंच. मला वाटलं आता नुसतं महिपती म्हणतील, आणि तेही पुष्कळ झालं असतं.

"मोत्याची गं रास महिपतरावाच्या रानी."

पात म्हणाली. या वेळी काय म्हणतोय हे ठाऊक असताना म्हणाली. काही बायका हळू म्हणाल्या, काही नुसते ओठ हलवत होत्या, दगडाबाई मात्र इतक्या जोरात ओरडली की पाठीवरचं पोर रडायला लागलं. मी बांधावर उभा होतो. जन्मल्यापासून त्या गावात राहिलो, शेंबडी पोरंसुद्धा मला अरे म्हैपत्या म्हणून हाक मारत आली होती. आता कुठं बघावं ते कळेना. मी खाली वाकून एका हातानं पेंढी बांधायला लागलो. ती बांधली गेली नाही.

दुपारी जेवायला बायका वेगळ्या बसल्या. पाणी आपापलं प्याल्या. रंगूनं मडकं पुढे केलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "आज सावड मागितली हुती. पाणी न्हवतं मागितलं. एका दिसात किती मागायचं?"

पट्टी लहान. दिवस बराच असताना रान मोकळं झालं, कणसं आतल्या अंगाला करून पेंढ्यांची बुचाडं उभी राहिली. बायका पदर झटकून घराकडे वळायला लागल्या तशी रंगू मध्ये आली.

"उजेड हाय अजून. सर्जेरावाच्या रानात जाऊ. त्येचा बी शाळू उभाच हाय."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे बघितलं. कालची नजर नव्हती. "गुडघं गेलं माझं," म्हणाल्या. "तुमी जावा. कौसल्ये, तू जा."

पात आमच्या रानातून उठून सर्जेरावाच्या रानात गेली. सर्जेरावाची बायको एकटीच कडेला बसली होती. तोंड फुगलेलं. बायका आलेल्या बघून उठली, पण रंगूशी बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही. तिच्या रानात रंगू गायली, राव लावून सर्जेरावाचं नाव घेतलं, अंधार पडेपर्यंत. निम्मं रान निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. उरलेल्या निम्म्यात त्याचं नुकसान झालं, आणि ते महाराच्या पायी झालं असं काही लोक बरीच वर्षं म्हणत राहिले. काही लोक म्हणत, निम्मं वाचलं ते रंगीच्या पायी. मला वाटतं दोन्ही खरं असेल.

त्यानंतर सगळं बदललं असं नाही. पुढच्या सुगीला आमच्या पट्टीची पाळी आली, त्याच्या पुढच्या सुगीला हिंदुरावानं मोडता घातला, मग पुन्हा आली. विहिरीचं वेगळं झालं, त्याला वेगळी भांडणं लागली. हिंदुराव मरेपर्यंत मला राव म्हणाला नाही. पण म्हैपत्याही त्यानं पुन्हा म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की तो नुसताच खाकरायचा.

त्या संध्याकाळी सर्जेरावाच्या रानातून आम्ही दोघं परतलो. रंगूचा घसा पार बसला होता. पुढे ती, मागे मी. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला रंगे म्हणतो. माझा बाप आईला तसंच म्हणायचा, सगळेच म्हणतात. त्यात वावगं काही नाही. पण दिवसभर जे ऐकलं होतं ते कानात होतं, आणि मी म्हणालो, "रंगूबाई."

ती थांबली. मागे वळली. बसलेल्या घशानं म्हणाली, "काय झालं? ताप बीप आला का?"

"न्हाय."

"मग?"

"काय न्हाय. चाल."

ती हसायला लागली. घशातून आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. घर येईपर्यंत मधूनच थांबायची आणि तिचे खांदे हलायचे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच हाक मारली तेव्हा तिनं नुसतं "ओ" दिलं, जसं काही जन्मभर हीच हाक ऐकत आली होती.

आता सकाळी मला जाग येते तेव्हा घरात चुलीपाशी कुणाचीतरी हालचाल असते. भांडं वाजतं. अजून डोळे मिटलेलेच असतात आणि तोंडातून जातं, "रंगूबाई, च्या झाला का?" चुलीपाशी सून असते. ती ओ देत नाही, आणि मी चुकलो असंही म्हणत नाही. भांड्यांचा आवाज थांबवते आणि माझं मला आठवेपर्यंत थांबून राहते.